सॅम्पल उचलतानाच बीट अर्धी ठरते

हिप-हॉपची बीट, म्हणजे गाण्याखालचं ताल-संगीत, बनवायला नव्याने बसलेली मुलं मला हमखास एकच विचारतात: नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या बीट्सचा तो जाडसर, धुळकट आवाज आणायला कुठला प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) घेऊ? घ्या कुठलाही, फुकटातला घेतलात तरी चालेल. पण त्याआधी हातातलं सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा, कुठून आणलंय ते सांगा. इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण ते यूट्यूबवरून ओढलेलं असतं.

तो आवाज ज्या यंत्राच्या नावावर जमा आहे ते ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र, १९८७ साली आलं. आवाज मोजायची बारकाई १२ बिट, मोजायचा वेग २६.०४ किलोहर्ट्झ, आणि सॅम्पलिंगचा सगळा वेळ मिळून जेमतेम १० सेकंद. तेवढ्यात किक आणि स्नेअर (ड्रमचे जाड आणि कडक ठोके), बेस, लूप (फिरून फिरून वाजणारा तुकडा) सगळं कोंबायचं. म्हणून लोकांनी युक्ती काढली. मिनिटाला ३३ फेऱ्यांची एलपी ४५ वर फिरवायची, म्हणजे तुकडा कमी वेळात आत जातो, आणि मग यंत्रातच त्याचा पिच (सूर) साधारण पाच सेमिटोन, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या, खाली आणायचा. खाली आणताना यंत्र हिशेबात जी काटकसर करतं, त्यातून ती खरखरीत किनार येते.

आता आत जाणारा माल कोणता होता ते बघा. 'फंकी ड्रमर' या गाण्यातला ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड किंवा 'आमेन, ब्रदर'मधला ग्रेगरी कोलमन, दोन्ही रेकॉर्डिंग १९६९ची. चांगला हात, व्यवस्थित मायक्रोफोन, टेपवर झालेलं रेकॉर्डिंग, आणि ते थेट रेकॉर्डवरून घेतलेलं. यंत्राने ते मळवलं, पण मुळात ते ठणठणीत होतं.

१२८ केबीपीएस बिटरेटच्या, म्हणजे खूप दाबून लहान केलेल्या, एमपीथ्रीचं प्रकरण वेगळं आहे. असा एमपीथ्री साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापून टाकतो. तो पाच सेमिटोन खाली आणलात की वरची हद्द १२ वर येते. हुशार मुलगा इथे म्हणतो, एसपी-१२००ची हद्दसुद्धा २६.०४च्या निम्मी, म्हणजे १३च होती की! बरोबर आहे, आकडा जवळपास तोच. फरक ठोक्यात आहे. एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे पाडून कानाला ऐकू येणार नाही असं त्याला वाटतं ते फेकून देतो. त्यात झांजेचा आवाज पाण्यातून आल्यासारखा बुळबुळीत होतो, आणि स्नेअर पडायच्या आधीच तिची एक फिकट सावली पडते. मूळ वेगात हे लपून जातं. पिच खाली आणला की तीच घाण ताणली जाते आणि ऐकू यायला लागते. एसपी-१२००मध्ये ठोका मात्र ठोकाच राहतो, फक्त खडबडीत होतो. स्वतः करून बघा: एकच ड्रम ब्रेक (गाण्यात फक्त ड्रम वाजतो तो भाग) रेकॉर्डवरून किंवा सीडीवरून घ्या, त्याचाच १२८चा एमपीथ्री बनवा, दोन्ही एक सप्तक खाली आणा आणि हेडफोनवर फक्त हाय-हॅट (ड्रमसेटची जोडझांज) ऐका. त्यानंतर मला समजवावं लागत नाही.

याचा अर्थ चकाचक सीडी शोधत फिरा असा नाही. जुन्या गाण्यांच्या काही सीड्यांवर खरखर काढायच्या नादात गाण्यातली हवाच काढून टाकलेली असते. तशी सीडी आणि टिकटिक करणारी एलपी समोर ठेवली तर मी डोळे मिटून एलपी उचलेन. टिकटिक दोन-चार जागी हाताने पुसता येते, गेलेली हवा परत येत नाही. आणि 'झंकार बीट्स'च्या कॅसेट्स तर लांबच ठेवा. त्यात जुन्या गाण्यावर आधीच कोणीतरी इलेक्ट्रॉनिक ड्रम चढवलेला असतो, त्याच्याखालून तुमचा ड्रम कसा निघणार?

मालाचा दर्जा म्हणताना मुलांच्या डोक्यात फक्त बिटरेट असतो. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जागा. सॅम्पलमध्ये किती वाद्यं एकावर एक चढलीयत? तुमच्या किकला आणि बेसला बसायला पाट आहे का? सतरा व्हायोलिनं, कोरस आणि ढोलक एकदम वाजत असेल तर रेकॉर्डिंग कितीही उत्तम असो, त्यात काही शिरत नाही.

आपल्याकडच्या रेकॉर्ड्स इथे कामाला येतात. मॅडलिब या अमेरिकन बीट बनवणाऱ्याने २००७ साली 'बीट कंडक्टा इन इंडिया' हा अख्खा अल्बम आपल्याकडच्या जुन्या संगीतावर उभा केला, तो उगाच नाही. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईत गायक आणि वाद्यवृंद एकत्र बसून गाणं एका टेकमध्ये रेकॉर्ड करायचे. मुखडा संपून अंतरा सुरू व्हायच्या आधीचे म्युझिक पीस बांधणाऱ्यांत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर होते. तिथे दोन मात्रांपुरतं अॅकॉर्डियन एकटं वाजतं, कुठे नुसतं गिटार. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्ड हातात आली की मी गाणं कुठलं हे नंतर बघतो. आधी असे मोकळे पीस किती निघतील हे बघतो.

असा एक पीस कापायचा तर पहिली मात्रा बहुतेक वेळा सोडून द्यावी लागते. सगळे एकत्र गायले-वाजवलेले असल्यामुळे गायिकेच्या शेवटच्या स्वराची गुंज पीसच्या पहिल्या ठोक्यावर लोंबकळत असते. एकदा ऐकताना लक्षात येत नाही. लूप फिरला की दर चार मात्रांनी 'आ' असा भास व्हायला लागतो आणि मग दुसरं काही ऐकूच येत नाही. दुसऱ्या मात्रेपासून कापा आणि पहिली मात्रा पीसच्या शेवटाकडून उसनी घ्या. क्लिकशिवाय (मेट्रोनोमच्या टिकटिकीशिवाय) वाजवलेलं असल्याने लयही पुढे-मागे होते. ते ताणून ग्रिडवर (सॉफ्टवेअरच्या मोजलेल्या चौकटीत) बसवू नका, ताणलं की कड बोथट होते. प्रत्येक ठोक्याला चॉप करा (कापा) आणि पॅडवर हाताने वाजवा.

सूरही तपासा. टेपच्या आणि रेकॉर्डच्या वेगातल्या फरकामुळे जुनं गाणं पुष्कळदा काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी तरंगत असतं. पेटीशी लावून बघा आणि त्याप्रमाणे बेस सरकवा. बेसुऱ्या बेसला मुलं मिक्सिंगचा दोष समजून आठवडाभर ईक्यू (आवाजाचा जाड-बारीकपणा कमी-जास्त करणारी बटणं) फिरवत बसतात.

घ्यायची रीत थोडक्यात. टर्नटेबलला फोनो प्रीअॅम्प (सुईचा क्षीण आवाज वाढवून देणारा डबा) हवाच, नाहीतर आवाज पातळ येतो. २४ बिटवर घ्या, सगळ्यात मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा, लिमिटर (मोठे ठोके दाबणारी सोय) बंद. रेकॉर्ड मोनो असेल तर डावं-उजवं चॅनल मिसळून मोनो करा, बरीचशी खरखर तिथेच विरते. बाजूच्या शेवटच्या गाण्यावर फार भिस्त ठेवू नका. मध्याकडे सुई खोबणीतून हळू सरकते, त्यामुळे 'स' आणि झांज फाटते. लाखेच्या ७८च्या तबकड्यांना वेगळी, रुंद सुई लागते. एलपीची सुई लावलीत तर ती खोबणीच्या तळाशी घासत फिरते. आणि लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावू नका, लाख त्यात विरघळते.

आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी सॉफ्टवेअर आता घरोघरी आहेत. गायिकेला बाजूला काढायला मीही वापरतो. पण तीसुद्धा मालावरच अवलंबून आहेत. एमपीथ्रीने आधीच चावलेल्या फाइलमधून काढलेला ड्रम ओल्या कागदासारखा लागतो.

हक्कांचं मात्र नीट समजून घ्या. एका सॅम्पलमध्ये दोन हक्क असतात, रेकॉर्डिंगचा आणि रचनेचा. भारतात रेकॉर्डिंगला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण असतं, तर रचनेला संगीतकार आणि गीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षं. त्यामुळे १९६० सालची तबकडी मोकळी झाली तरी तिच्यावरची चाल मोकळी असेलच असं नाही. तीच चाल स्वतः वाजवून घेतलीत तर रेकॉर्डिंगचा प्रश्न सुटतो, चालीचा नाही. २००२ साली 'अॅडिक्टिव्ह' या अमेरिकन गाण्यात लताबाईंच्या आवाजातलं 'थोडा रेशम लगता है' परवानगीविना वापरलं गेलं. बप्पी लाहिरी कोर्टात गेले आणि त्यांचं नाव दिल्याशिवाय ते विकायला मनाई झाली.

म्हणून सॅम्पल घेतलं त्याच दिवशी फाइलच्या नावात रेकॉर्डचा क्रमांक, बाजू, गाणं आणि वर्ष लिहा. ‘लूप_फायनल_२’ या नावाच्या फाइलसाठी परवानगी कोणाकडे मागायची, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.