क्लोनची गोष्ट लिहिताय? या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यात आमचा कथावाचनाचा गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, एकानं कथा मोठ्यानं वाचायची आणि मग तिच्यावर बोलत बसायचं. दिवाळी अंकांना साहित्य पाठवायचे दिवस आले की विज्ञानकथा वाढतात आणि त्यांत क्लोनची गोष्ट हमखास असते. महापेच्या एमआयडीसीत काचेची प्रयोगशाळा, बाहेर सगळं उजाड, आत सारख्या चेहऱ्यांची माणसं रांगेत उभी. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असते, तरी बहुतेक कथा एकाच जागी फसतात. क्लोन कसा तयार झाला यातच लेखक गुंततो आणि त्याच्या जिवावर कोण जगतंय, हे सांगायचं राहून जातं. मला या कथांमधला खरा नैतिक प्रश्न तोच वाटतो.

क्लोन म्हणजे झेरॉक्स नव्हे

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक ही. यंत्राचं दार उघडतं, चाळिशीचा माणूस बाहेर येतो आणि मूळ माणसाच्या बायकोला नावानं हाक मारतो. प्रत्यक्षात शरीरातल्या एखाद्या पेशीचं केंद्रक, म्हणजे जनुकं असलेला गाभा, घेतात आणि स्वतःचं केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडात (स्त्रीबीजात) घालतात. त्यातून गर्भ तयार होतो, गर्भाशयात वाढतो आणि बाळ जन्माला येतं. त्याला रांगावं लागतं, बोलायला शिकावं लागतं. आठवणी केंद्रकातून येत नाहीत. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया या भागातला डीएनए तर बीजांड देणारीचा असतो. रूपही तंतोतंत उतरेल याची खात्री नाही. 2001 मध्ये टेक्सासमध्ये सीसी नावाची पहिली क्लोन मांजर जन्मली. जिच्या पेशीपासून ती झाली ती मांजर तिरंगी होती, पण सीसीच्या अंगावर केशरी रंगाचा ठिपकाही नव्हता.

एकदा अशाच कथेवर 'मूळ कोण आणि नक्कल कोण' असा वाद रंगला होता. आमच्या गटात एक जुळी बहीण आहे, साठीच्या पुढची. ती शांतपणे म्हणाली, "आम्ही दोघी अगदी सारख्या. पण आमच्यातली मूळ कोण, असं आम्हाला आजवर कुणी विचारलं नाही." खोली गप्प झाली. एकसारखी जुळी म्हणजे निसर्गानंच केलेले क्लोन. तेव्हापासून मी नव्यानं लिहिणाऱ्यांना सांगते, 'प्रतिकृती' हा शब्द कथेतून काढा आणि तिथं 'उशिरा जन्मलेलं जुळं' असं लिहून बघा. वाक्यांचा सूरच बदलतो. हे माणूस आहे की नाही, त्याला आत्मा आहे का, यावर तीन-तीन पानं चाललेले संवाद मग आपोआप गळतात. जुळ्या भावाबद्दल असं कुणी विचारत नाही.

आठवणींसकट माणूस हवाच असेल, तर मनाची नोंद करणारं वेगळं यंत्र कल्पा आणि तसं स्पष्ट लिहा. तो प्रश्न क्लोनिंगचा नव्हे, वेगळा आहे.

ज्या बायकांचं नावही येत नाही

डॉली मेंढी 5 जुलै 1996 ला एडिनबरोजवळच्या रोझलिन संस्थेत जन्मली, हे सगळे लिहितात. त्यामागचा हिशोब फार थोडे लिहितात. 277 बीजांडांमध्ये केंद्रकं बसवली, त्यातून 29 गर्भ हाती आले, ते 13 मेंढ्यांमध्ये ठेवले आणि कोकरू झालं एक. आपल्याकडे हरियाणात कर्नालला 2009 च्या फेब्रुवारीत म्हशीचं क्लोन पारडू जन्मलं, ते काही दिवसांतच गेलं. आता हेच आकडे माणसांच्या बाबतीत मांडून बघा. बीजांडं कुणाची? गर्भ कुणाच्या पोटात? जी मुलं जगली नाहीत, त्यांचं काय झालं?

हे भविष्यातलं भय नाही. दक्षिण कोरियाचे शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक यांनी मानवी गर्भाचं क्लोनिंग करून मूलपेशी (ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात त्या) मिळवल्याचा दावा 2004 आणि 2005 मध्ये केला. तो खोटा निघाला आणि 2006 मध्ये दोन्ही शोधनिबंध रद्द झाले. त्या कामासाठी दोन हजारांहून जास्त बीजांडं वापरली गेली होती आणि ती देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक मुलीही होत्या. साहेबांच्या हाताखाली काम करणारी मुलगी 'नाही' कितपत म्हणू शकते? या एका प्रश्नावर आख्खी कथा उभी राहील. तुमच्या कथेत शंभर क्लोन असतील, तर त्यांना वाढवणाऱ्या बायका निदान एका परिच्छेदात तरी दिसू द्या.

एका कथेत तीन कथा कोंबणं

अवयवांसाठी जन्माला घातलेला क्लोन, राबण्यासाठी घाऊक बनवलेली माणसं आणि गेलेल्या मुलाच्या जागी आणलेलं मूल हे तीन वेगळे अन्याय आहेत. आल्डस हक्सलींच्या 1932 च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या कादंबरीचा दाखला वाटेल तिथं दिला जातो, पण तिथं एका फलित बीजांडाला फुटवे आणून जास्तीत जास्त 96 जुळी करतात. तिथं मूळ माणूसच नाही. प्रश्न आहे तो जन्माआधीच माणसाची पायरी ठरवण्याचा. आधी तुमची कथा या तिघांपैकी कोणती, ते ठरवा.

तिसरा प्रकार मला सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तिथं कुणी दुष्ट नसतं. आमच्या गटातल्या एकीची कथा खारघरच्या एका घरात घडते. मुलगी आजारात गेली, आईवडिलांनी तिच्या पेशींपासून दुसरी जन्माला घातली. पहिल्या खर्ड्यात दुसरीला दहाव्या वर्षी जुना फोटो सापडतो, ती किंचाळते आणि वाशीच्या खाडीपुलाकडे धावत सुटते. ऐकताना कुणी हललं नाही. आम्ही एवढंच विचारलं, रोजच्या दिवशी या घरात काय चालतं? दुसऱ्या खर्ड्यात तिनं दाराची चौकट आणली. चौकटीवर पहिलीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा, प्रत्येक वाढदिवसाची तारीख घातलेल्या. दुसरीला दर वाढदिवसाला त्याच चौकटीला पाठ लावून उभं करतात. सहाव्या वर्षी ती खुणेपेक्षा दोन बोटं कमी भरते आणि बाप दुसऱ्याच दिवशी डॉक्टरची वेळ घेतो. मुलगी ठणठणीत आहे. गर्भातली वाढ वेगळी, खाणंपिणं वेगळं, उंची वेगळी होणारच. जोएल फाइनबर्ग या तत्त्वज्ञानं मुलाच्या मोकळ्या भविष्याच्या हक्काबद्दल, म्हणजे त्याचं आयुष्य दुसऱ्यांनी आधीच ठरवून न टाकण्याबद्दल, लिहिलं आहे. त्या चौकटीत तो हक्क हिरावला जाताना डोळ्यांना दिसतो, कुणाला भाषण करावं लागत नाही.

वेडा शास्त्रज्ञ आणि गोड शब्द

सगळं पाप एका विकृत शास्त्रज्ञाच्या माथी मारलं की वाचक सुटतो. काझुओ इशिगुरोंच्या 2005 च्या 'नेव्हर लेट मी गो' कादंबरीत अवयव काढून घेण्याला 'दान' म्हणतात आणि क्लोन मरत नाही, तो 'पूर्ण' होतो. मराठीत हे आणखी बोचतं. रक्तदान, नेत्रदान, देहदान, आपल्याकडे 'दान' हा पवित्र शब्द आहे आणि देणारा स्वतःच्या इच्छेनं देतो म्हणूनच तो पवित्र आहे. ज्याला विचारलंच नाही, त्याच्याबाबतीत हा शब्द वापरणारं सरकार कसं बोलेल? शासन निर्णयाच्या भाषेत लिहून पाहा: 'सदर दात्याकडून तिसऱ्या दानाची पूर्तता झाल्यावर लाभार्थ्याने पोच द्यावी. दात्याची नोंद निकाली काढण्यात यावी.' शिक्का, जावक क्रमांक, खाली सही. मला हे वाचताना काचेच्या प्रयोगशाळेपेक्षा जास्त भीती वाटते, कारण अशा कागदावर सही करणारी माणसं आपल्यासारखीच लोकलनं ऑफिसला जातात आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतात.

कायद्याचा भाग चुकवू नका. माणूस जन्माला घालण्यासाठी क्लोनिंग करायला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. संयुक्त राष्ट्रांनीही 2005 मध्ये विरोधाचा जाहीरनामा मंजूर केला, तो मात्र बंधनकारक नाही. तुमच्या कथेत हे चालू असेल तर मनाई कधी, कशाच्या नावाखाली उठली ते कळू द्या. एखाद्या मंत्र्याच्या मुलीला यकृत हवं होतं, एवढंही पुरतं.

शेवटी आग लावणं

कथा अडली की क्लोन बंड करतात आणि प्रयोगशाळा पेटते. आग लागली की हिशोब मिटतो, ज्यांनी फायदा घेतला त्यांना वाचक विसरतो. खारघरच्या कथेचा शेवट तिच्या लेखिकेनं चार वेळा बदलला. आता तिथं घराचं रंगकाम काढलंय. बाप रंगाऱ्याला सांगतो, ही चौकट तेवढी सोडा. बारा वर्षांची मुलगी मागून म्हणते, "काका, चौकटपण रंगवा." रंगारी बापाकडे बघतो. बाप स्वयंपाकघरात जातो आणि पाणी पीत उभा राहतो. आमच्यातल्या दोघांना तो बाप फार सहज सुटला असं वाटलं. मला तसं वाटत नाही, पण पुढच्या रविवारी ती कथा आम्ही पुन्हा वाचणार आहोत.