केनियातील मिशनच्या मुलींच्या शाळेत स्वयंसेविका म्हणून राहताना

परदेशातील मिशनच्या निवासी शाळेत काही महिने राहून काम करावे असे ज्यांच्या मनात असते, त्या तरुण मुली आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: तिथे कोणता विषय शिकवायला मिळेल? केनियाच्या मध्यवर्ती उंच प्रदेशातील, चर्चच्या आश्रयाखाली चालणाऱ्या मुलींच्या एका माध्यमिक शाळेत राहून आल्यावर माझे मत असे झाले आहे की, वर्गावर तास मिळण्याची अपेक्षा ठेवून तिकडे जाऊच नये. रीतसर प्रशिक्षण घेतलेले, पण शिक्षक सेवा आयोगाच्या नेमणुकीची वर्षानुवर्षे वाट पाहणारे हजारो शिक्षक त्या देशात आहेत. शाळेचे व्यवस्थापन मंडळ त्यांतील काहींना स्वतःच्या निधीतून तुटपुंज्या पगारावर ठेवून घेते. अशा ठिकाणी परदेशातून आलेली बिनपगारी व्यक्ती फळ्यासमोर उभी राहिली, तर कुणाच्या तरी पोटावर पाय येतो. शिवाय आयोगाकडे नोंदणी असल्याखेरीज शिक्षक म्हणून काम करता येत नाही, ही कायद्याची बाजू वेगळीच. शाळेला बाहेरच्या माणसाचा उपयोग होतो तो शेवटची घंटा झाल्यानंतर. संध्याकाळचा अभ्यास, ग्रंथालय, आजारी मुलींची खोली आणि रविवारची लांबलचक दुपार या चार जागी हात कमी पडतात, आणि तिथे काम करायची तयारी असेल तर शाळा तुम्हाला मनापासून सामावून घेते.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी आधी उरकावे. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगीची, म्हणजे ई-टीएची, पद्धत सुरू केली आहे. परंतु ती भेटीपुरती आणि पर्यटनापुरती असते. शाळेत राहून काम करायचे तर वेतन घेत नसलात तरी वेगळा परवाना लागतो. धार्मिक व धर्मादाय कामासाठी 'आय' वर्गाचा परवाना असतो, थोड्या मुदतीच्या कामासाठी स्पेशल पास मिळतो, आणि त्यासाठीची कागदपत्रे यजमान संस्थेकडून यावी लागतात. 'तुम्ही पर्यटक म्हणून या, पुढचे आम्ही बघतो' असे जी संस्था कळवते, तिला नम्रपणे नकार द्यावा, कारण पुढे काही उद्भवले तर ते तुमच्यावरच येते. पासपोर्ट कार्यालयातून मिळणारा पोलीस पडताळणीचा दाखला सोबत ठेवावा. मुलींची शाळा हा दाखला मागत नसेल, तर तिच्याविषयीच दोनदा विचार करावा. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान १० दिवस घेतलेली असली पाहिजे. तिचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते, मात्र ते जवळ नसेल तर भारतात परतताना ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

या शाळांना त्या समाजात मोठा मान आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. आफ्रिकी मुलींसाठीचे केनियातील पहिले माध्यमिक विद्यालय नैरोबीजवळच्या किकुयू येथे १९४८ साली सुरू झाले. तेच आजचे अलायन्स गर्ल्स हायस्कूल. २००४ साली शांततेचे नोबेल मिळवणाऱ्या वांगारी मथाई न्येरीच्या मिशन शाळेत आणि नंतर लिमुरूच्या लोरेटो शाळेत, दोन्हीकडे वसतिगृहात राहून शिकल्या. त्यामुळे खेड्यातील आईबाप शेळी विकून, नातेवाइकांकडून वर्गणी गोळा करून मुलीला अशा शाळेत धाडतात, ते केवळ पाटीवर चर्चचे नाव आहे म्हणून नव्हे. आज यांतील बहुतेक शाळा सरकारी आहेत. शिक्षक आणि अभ्यासक्रम सरकारचा, तर चर्च 'स्पॉन्सर' म्हणून मुलींचे धार्मिक संगोपन आणि चॅप्लेनची, म्हणजे शाळेच्या धर्मगुरूची, सोय पाहते. ही दुहेरी व्यवस्था कशी चालते ते पहिल्या आठवड्यात समजून घेतले की कुणाला काय विचारायचे याचा गोंधळ होत नाही. परवानगी प्राचार्यांची, वसतिगृहाचे सर्व काही मेट्रनचे, म्हणजे तिथल्या देखरेख करणाऱ्या बाईंचे, रोजचा कारभार त्या आठवड्याच्या ड्युटीवरील शिक्षिकेचा, आणि प्रार्थनेचे वेळापत्रक चॅप्लेनचे. प्रीफेक्ट, म्हणजे शिस्त पाहणाऱ्या विद्यार्थी-प्रमुख, मुलींना गंमत म्हणून घेऊ नये. शाळा खऱ्या अर्थाने त्या चालवतात.

दिवस पहाटे पाचच्या आत सुरू होतो. विषुववृत्तावर सूर्य वर्षभर साधारण साडेसहालाच उगवतो, त्यामुळे आंघोळ, झाडलोट आणि पहाटेचा अभ्यास हे सगळे अंधारातच उरकलेले असते. तिथल्या बोलीत घड्याळही सूर्योदयापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. शाळेचे वेळापत्रक इंग्रजी घड्याळाचे असले, तरी स्वयंपाकघरातील बाई किंवा पहारेकरी स्वाहिलीत वेळ सांगतात तेव्हा त्यात सहा तास मिळवावे लागतात.

रात्रीच्या अभ्यासाला तिथे 'प्रेप' म्हणतात, आणि माझे बहुतेक काम त्याच वेळात असे. चाळीस-पन्नास मुली एका खोलीत, बोलायचे नाही, दिवे अधूनमधून जाणारे. फॉर्म फोरच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुली झोप येऊ लागली की वही घेऊन वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभ्या राहून वाचत. एखादी तर थंड पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसे, आणि मेट्रनने पाहिले की ती बादली बाकाखाली सरके. वर्षाअखेरच्या केसीएसई या माध्यमिक शालान्त परीक्षेत ए ते ई अशा श्रेणी मिळतात आणि सरासरी सी प्लसखाली गेली तर थेट पदवीला प्रवेश मिळत नाही, हे त्या प्रत्येकीच्या डोक्यात पक्के असते. त्या माझ्याकडे आणत ते जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पुसट झेरॉक्स: अक्षांश-रेखांशावरून दोन गावांमधले अंतर सागरी मैलांत काढणे, मॅट्रिक्सने आकृती फिरवणे, पगारावरचा प्राप्तिकर मोजणे. आपल्याकडील दहावी-बारावीचे गणित येणाऱ्या माणसालाही यांतील काही प्रकार नव्याने पाहावे लागतात, म्हणून जाण्यापूर्वी तो अभ्यासक्रम आणि गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळून ठेवाव्यात. पद्धत मात्र त्यांच्या शिक्षिकेचीच वापरावी. आपली 'सोपी युक्ती' शिकवण्याचा मोह आवरावा; पायऱ्यांना गुण असतात आणि दोन पद्धतींच्या कात्रीत सापडलेली मुलगी ते घालवून बसते. नवी शिक्षणरचना २०१७ पासून टप्प्याटप्प्याने येत असून जुन्या पद्धतीची शेवटची केसीएसई २०२७ साली ठरलेली आहे, तेव्हा तुमच्या वाट्याला नेमके कोणते वर्ग येतील ते शाळेला आधीच विचारावे.

धर्माचा प्रश्न मी मुद्दाम सविस्तर मांडते, कारण निघण्यापूर्वी त्यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही. मी ख्रिस्ती नाही. ही गोष्ट मी पहिल्याच पत्रात प्राचार्यांना कळवली होती, आणि सोबत विचारले होते की उपासनेच्या वेळी माझ्याकडून काय अपेक्षा असेल. उत्तर सरळ आले: उपस्थित राहावे, आदराने बसावे, म्हणायचे नसेल ते म्हणू नये. एवढे ठरलेले असले की पुढे अडचण येत नाही. उपासना मात्र भरपूर असते. सकाळची प्रार्थना, जेवणाआधीची, रविवारची मोठी उपासना, ख्रिश्चन युनियनच्या मुलींच्या बैठका, अधूनमधून रात्रभर चालणारी 'केशा', आणि परीक्षेपूर्वी पालकांना बोलावून घेतलेला प्रार्थनेचा खास दिवस. वाद्याशिवाय चार सुरांत गाणाऱ्या त्या मुलींचा आवाज ऐकण्यासाठी मी रविवारी वेळेआधी जाऊन बसत असे, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. 'तुमचे चर्च कोणते?' हा प्रश्न पहिल्या दिवशी येतो आणि 'तुमचा उद्धार झाला आहे का?' हा दुसऱ्या दिवशी. दोन्ही विचारण्यात आगाऊपणा नसतो, आपुलकी असते. मी 'माझ्या घरी वेगळ्या रीतीने प्रार्थना करतात' एवढे सांगून विषय अभ्यासावर आणत असे. वाद घालू नये, आणि स्वतःचा धर्म समजावून सांगण्याचे वर्गही भरवू नयेत.

ज्या स्वयंसेविका स्वतः ख्रिस्ती आहेत त्यांनाही एक सांगावेसे वाटते. एकाच वसतिगृहात कॅथलिक, अँग्लिकन, पेंटेकोस्टल, शनिवारी कोणतेही काम न करणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट आणि काही ठिकाणी मुस्लिम मुलीही असतात. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिले आहे, तरीही चर्चच्या शाळेत हिजाब घालता येईल की नाही हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. परक्या माणसाने उत्साहाच्या भरात अशा नाजूक समतोलाला हात लावू नये. शनिवारच्या अभ्यासाला ॲडव्हेंटिस्ट मुलगी आली नाही, तर रविवारी दुपारी तिच्यासाठी अर्धा तास काढणे हे कोणत्याही प्रवचनापेक्षा उपयोगाचे.

मुलींच्या सुरक्षिततेचे नियम शाळेने लेखी दिले नाहीत तर मागून घ्यावेत. कोणत्याही मुलीबरोबर बंद दाराआड एकटे बसू नये. शिकवायचे ते व्हरांड्यात किंवा दार उघडे ठेवून. मुलींना शाळेत मोबाइल बाळगता येत नाही, त्यामुळे 'घरी एकच फोन करू द्या' अशी विनवणी वारंवार होते. तिला मेट्रनकडे घेऊन जाणे एवढेच आपले काम. छायाचित्रांबाबत तर फारच काटेकोर राहावे. केनियात २०१९ पासून व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि पालकांच्या संमतीविना मुलांची छायाचित्रे प्रसिद्ध केल्याबद्दल २०२३ साली एका शाळेला ४५ लाख शिलिंगांहून अधिक दंड झाला. छडी मारण्यावर २००१ पासून बंदी आहे, २०१३ च्या शिक्षण कायद्यानेही ती कायम केली आहे, तरी ती सगळीकडून गेली असे समजू नये. तसे काही दिसले तर आधी प्राचार्य, तिथे दाद न लागल्यास ११६ हा मुलांसाठीचा मोफत फोन क्रमांक.

वसतिगृहात पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा दारे-खिडक्या पाहाव्यात. केनियातील शाळांच्या वसतिगृहांना लागलेल्या आगींत अनेक मुले गेली आहेत. १९९८ साली बोंबोलुलूच्या मुलींच्या शाळेत, २००१ साली क्यांगुली येथे, २०१७ साली नैरोबीतील मुलींच्या शाळेत आणि २०२४ साली न्येरी जिल्ह्यात. त्यामुळे शिक्षण खात्याच्या नियमपुस्तिकेत खिडक्यांना गज नसावेत, दारे बाहेर उघडणारी असावीत, मुली आत असताना बाहेरून कुलूप नसावे आणि दोन पलंगांत १.२ मीटर अंतर असावे असे स्पष्ट म्हटले आहे. जिथे हे पाळलेले दिसत नाही, तिथे विचारावे. पाहुणीने विचारले म्हणून काही बिघडत नाही.

काही मुली सुट्टीत घरी जात नाहीत. स्त्रीजननेंद्रियविच्छेदनावर २०११ च्या कायद्याने बंदी आहे, पण काही भागांत डिसेंबरच्या सुट्टीत तो धोका खरा असतो, बालविवाहाचाही असतो, आणि काजियाडो-नारोककडील काही निवासी शाळा अशा मुलींचे आश्रयस्थान बनल्या आहेत. एखादी मुलगी का थांबली आहे, हे तिला विचारू नये. तिला सांगायचे असेल तेव्हा ती कुणाला सांगायचे ते स्वतः निवडते. पाळीच्या दिवसांतील पॅडचा प्रश्न मात्र उघड बोलण्याजोगा आहे. मुलींना ते मोफत देण्याची तरतूद २०१७ च्या कायद्यात आहे, पुरवठा मात्र नेहमी वेळेवर होत नाही. काही देणगी द्यायची असेल तर ती मेट्रनच्या कपाटात जमा करावी, मुलींच्या हातात नव्हे.

राहणीमानाविषयी थोडक्यात. आफ्रिका म्हणजे ऊन, या समजुतीने आलेली माणसे जुलैत लिमुरूच्या बाजूला कुडकुडतात. जाड स्वेटर आणि लोकरीचे मोजे हवेतच. जेवण साधे आणि शाकाहारी माणसाला पुरेसे असते: सकाळी उजी ही पातळ पेज, दुपारी मका-घेवड्याची गिथेरी, रात्री उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकुमा विकी ही पालेभाजी. चपाती तिथे रोजची नाही, मेजवानीची. आठवड्यातून एखाद्या वेळी ती असते तेव्हा भोजनगृहाबाहेरची रांग पाहण्यासारखी असते. पैशांचे सगळे व्यवहार फोनवरच्या एम-पेसाने होतात, म्हणून स्थानिक सिम पहिल्याच दिवशी घ्यावे.

फी भरण्यासाठी मदत मागणाऱ्या चिठ्ठ्या तुमच्यापर्यंत येतील. एकट्या मुलीची फी परस्पर भरू नये. शाळेच्या बर्सरकडे, म्हणजे हिशेब पाहणाऱ्याकडे, गरजू मुलींची यादी असते, रक्कम तिथे पावती घेऊन द्यावी. निघण्याची तारीख सत्राच्या शेवटाशी जुळवावी, मधेच निघू नये. ग्रंथालयाची नोंदवही आणि कोणती मुलगी कोणत्या धड्यावर अडली आहे याची टिपणे शेवटच्या आठवड्यात विषयशिक्षिकेकडे सोपवावीत, आणि पुन्हा येण्याचे वचन तिकीट हातात असल्याशिवाय कोणालाही देऊ नये.