सात वर्षं गाडी चालवली, तरी लर्निंगला नापास

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झाला आणि एका लॅबमध्ये घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायचं काम जवळपास मिळालंच होतं. मुलाखतीत शेवटी विचारलं, "टू-व्हीलर आहे ना? आणि लायसन्स?" पहिल्याला मी पटकन हो म्हटलं, दुसऱ्याला टेबलाकडं बघत बसले. बारावी झाल्यापासून जुळे सोलापूर ते कॉलेज, नवी पेठ, पार्क चौक, सगळं ॲक्टिव्हावरच. लायसन्स मात्र "काढू की, काय घाई आहे" यातच राहिलेलं. बिनालायसन्स सापडलं तर ५,००० रुपये दंड आहे हे माहीत होतं, सापडले नव्हते एवढंच. त्यांनी दोन महिन्यांची मुदत दिली.

फॉर्म भरायचा तो परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर. महाराष्ट्रात २०२१ पासून लर्निंगची परीक्षा आधारच्या जोरावर घरी बसून देता येते, विजापूर रोडला आरटीओत खेटे घालावे लागत नाहीत. फक्त आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू पाहिजे. माझा जुना नंबर जोडलेला होता, तो बदलून घेण्यातच आठवडा गेला. तेव्हा हे काम सगळ्यात आधी करा. बाकी फी फार नाही: लर्निंगचे प्रत्येक प्रकाराला १५० आणि परीक्षेचे ५०.

फॉर्ममध्ये एका जागी नीट थांबा. गाडीचा प्रकार निवडताना 'विदाउट गिअर' आणि 'विथ गिअर' असे दोन पर्याय येतात. विदाउट गिअर घेतलं की फक्त स्कूटीच. विथ गिअर घेतलं की मोटरसायकलही चालते आणि स्कूटीही. पप्पा म्हणाले, "काढायलीस तर गिअरचंच काढ की." त्यांचं ऐकलं. पुढं त्याचा त्रासही झाला, ते सांगतेच. चारचाकी शिकायची असेल तर तीही याच फॉर्ममध्ये टाकून द्या.

परीक्षा रात्री जेवणं झाल्यावर दिली. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघावा लागतो. तो लावून मी भांडी घासली. १५ प्रश्न, त्यांतले ९ बरोबर यावे लागतात, प्रत्येकाला मोजके सेकंद. मला आठ आले.

चुकलेले प्रश्न आठवले तेव्हा कळलं की मी सोलापूरच्या रस्त्याप्रमाणे उत्तरं दिली होती. सर्कलला आधी कोणाला जाऊ द्यायचं? मी मनात म्हटलं, ज्याची गाडी मोठी त्याला. बरोबर उत्तर, उजवीकडून येणाऱ्याला. फाटकवाला नसलेलं रेल्वे फाटक आलं तर? मी 'हॉर्न वाजवून सावकाश जाणे' दाबलं. खरं तर गाडी थांबवायची, स्वतः खाली उतरून रुळापर्यंत जायचं आणि गाडी येत नाही ना ते बघायचं. आपल्याकडं बंद फाटकाखालून सायकल आडवी करून नेणारे लोक, कुठून सुचणार हे? आणि घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची म्हणे. सोलापुरात चढ म्हणजे आसरा पुलाचा, तिथं कोण कोणाला वाट देतंय!

म्हणून माझं सांगणं, गाडी येणाऱ्यांनी जास्त अभ्यास करावा. माझी धाकटी चुलत बहीण, जिनं हँडल धरलं नव्हतं, ती पहिल्या फटक्यात पास झाली. तिच्या डोक्यात खोडायला काही नव्हतं.

चिन्हं पाठ करताना आकारावरून करा, पटकन बसतात. लाल कडेचा त्रिकोण दिसला की सावधान करणारं, गोल दिसलं की पाळलंच पाहिजे असं, निळा चौकोन म्हणजे नुसती माहिती. फसवणारे दोनच: 'थांबा' अष्टकोनी आणि 'रस्ता द्या' उलटा त्रिकोण. हे दोन्ही पाळायचेच असतात. अजून एक जोडी नेहमी विचारतात. निळ्या गोलात एक तिरपी लाल रेघ असली तर पार्किंग नाही, फुली असली तर गाडी थांबवायचीही नाही. मी ही चिन्हं वहीत रंगवून फ्रिजवर चिकटवली होती. आई दूध काढताना विचारायची, "ह्ये काय गं?" आणि मी सांगायचे. परत ५० रुपये भरले, दुसऱ्या वेळी १३ आले.

लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतरच देता येते. गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा, १८ सेंटिमीटरचा चौकोन. मागं बसवायचंच तर लायसन्स असलेला शिकवणाराच बसवायचा, मैत्रीण नाही. कारमध्येही लायसन्सवाला शेजारी हवाच. टेस्टची तारीख लवकर घेऊन टाका, नाहीतर सहावा महिना उजाडतो आणि सगळं पहिल्यापासून.

आता गिअरचं. टेस्ट ज्या प्रकारची, गाडीही त्याच प्रकारची न्यावी लागते, म्हणजे पप्पांची स्प्लेंडर. पप्पांनी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर फक्कीनं आठचा आकडा आखून दिला आणि मी पहाटे सहाला, ऊन चढायच्या आत, फिरत बसायचे. आठमध्ये पाय टेकला की संपलं. ॲक्टिव्हावर मला वळणाला डावा पाय खाली सोडायची सवय, रिक्षा आडवी आली की आधार म्हणून. ती सवय मोडायला अकरा सकाळी लागल्या. शेवटी कळलं की मी चाकाकडं बघत होते. नजर पुढच्या वळणावर ठेवली, पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, मागच्या ब्रेकवर हलका पाय, की गाडी आपोआप फिरते.

तरी टेस्टच्या दिवशी दुसऱ्या वळणाला पाय टेकलाच. साहेब एवढंच म्हणाले, "मॅडम, पाय." सात दिवसांनी परत बोलावलं. दुसऱ्यांदा आठ नीट झाला, मग हातानं इशारे करून दाखवायला सांगितले. थांबायचा, वेग कमी करायचा, दोन्हीकडं वळायचा. इंडिकेटरच्या जमान्यात हे कोण विचारतं म्हणून बरेच जण सोडून देतात. माझ्या पुढचा मुलगा गाडी उत्तम चालवायचा, पण पीयूसी, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीचं सर्टिफिकेट, संपलेलं निघालं आणि तसाच घरी गेला. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आदल्या रात्रीच बघून ठेवा. टेस्टचे ३०० आणि कार्डाचे २०० वेगळे.

कार्ड पोस्टानं आलं. तोवर डिजिलॉकरमध्ये दिसायला लागलं होतं, तेच लॅबमध्ये दाखवलं आणि काम सुरू झालं. पहिल्या दिवशी मागं आइसबॉक्स बांधून निघाले. एका सर्कलला उजवीकडून टमटम येत होती, मी थांबले. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबूनच धरला. "ओ आक्का, चला की! झोपलाय का?"