बदललेला टीओके: वर्गात जाण्याआधी करायची तयारी

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेच्या विद्यापीठपूर्व डिप्लोमातल्या ‘थिअरी ऑफ नॉलेज’चा, म्हणजे आपल्याला एखादी गोष्ट कशी कळते हे तपासणाऱ्या टीओकेचा, अभ्यासक्रम २०२० मध्ये बदलला आणि २०२२ पासून मूल्यमापनही नव्या आराखड्याप्रमाणे होते. तरी २०१५ च्या पद्धतीच्या नोट्स, सादरीकरणे आणि गुणतक्ते अजून हातोहात फिरत असतात. म्हणून नवे साहित्य जमवण्याआधी जुने वेगळे काढावे.

आधी काढायची ती आठ ज्ञानमार्गांची, म्हणजे ज्ञान मिळवण्याच्या वाटांची, प्रकरणे: इंद्रियानुभव, तर्क, भाषा, भावना, श्रद्धा, कल्पना, अंतःप्रज्ञा आणि स्मृती. हे शब्द वर्गात वर्ज्य नाहीत, पण त्यांचे स्वतंत्र घटक राहिलेले नाहीत. स्मृतीवरचा एखादा चांगला पाठ असेल तर तो इतिहासात, साक्षीदारांच्या जबान्यांजवळ नेऊन ठेवा. आठ ज्ञानक्षेत्रांची आता पाच झाली आहेत: इतिहास, मानवी विज्ञाने, नैसर्गिक विज्ञाने, गणित आणि कला. ही पाचही सक्तीची. धर्म आणि मूळनिवासी समाज हे तंत्रज्ञान, भाषा आणि राजकारण यांच्यासोबत ऐच्छिक विषयांत गेले. या पाचांतून दोन निवडायचे. सर्वांना समान असा गाभ्याचा विषय आहे ‘ज्ञान आणि ज्ञाता’. एकट्याने किंवा गटाने करायचे सादरीकरण पूर्ण बंद झाले, त्यामुळे त्याचे अर्ज आणि गुणतक्ते काढून टाकले तरी चालतील.

नंतर तास मांडा. एकूण १०० तासांपैकी गाभ्याचा विषय आणि दोन ऐच्छिक विषय यांना मिळून ३२, ज्ञानक्षेत्रांना ५०, प्रदर्शनाला (तीन वस्तू मांडून एका प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम) ८ आणि निबंधाला १० अशी विभागणी सुचवलेली आहे. ज्ञानक्षेत्रांपासून सुरुवात करण्याची जुनी सवय इथे महागात पडते. प्रदर्शन पहिल्या वर्षात व्हायचे असते आणि त्याला लागणारी समज गाभ्यातून व ऐच्छिक विषयांतून येते. ते ३२ तास आधी, लगेच प्रदर्शन, मग ज्ञानक्षेत्रे, हा क्रम आम्हाला सर्वांत सोयीचा वाटतो.

प्रत्येक घटकाला चार बाजूंनी भिडायचे आहे: व्याप्ती, दृष्टिकोन, पद्धती आणि साधने, नीती. यातली नीतीची बाजू सर्वाधिक बिघडते. प्राण्यांवर प्रयोग करावेत की नाही, असा वाद वर्गात तासभर रंगतो आणि ज्ञानाचा प्रश्न बाजूलाच राहतो. प्रश्न असा हवा: अयोग्य मार्गाने मिळवलेली माहिती वापरावी का, आणि ती मिळवण्याच्या रीतीमुळे तिची विश्वासार्हता बदलते का? पाठाच्या टिपणात चारही बाजूंचा निदान एकेक प्रश्न आधीच लिहून ठेवा. त्यावरच पुरावा, निश्चितता, सत्य, अर्थनिर्णय, सत्ता, समर्थन, स्पष्टीकरण, वस्तुनिष्ठता, दृष्टिकोन, संस्कृती, मूल्ये आणि जबाबदारी या बारा संकल्पनांपैकी एक-दोन नोंदवा. बाराही एका पाठात कोंबू नका.

उदाहरणे मोजकीच असावीत, पण खोलवर तयार केलेली. गणितासाठी चार रंगांचे प्रमेय घ्या: शेजारचे दोन प्रदेश एकाच रंगाचे न होता कुठलाही नकाशा चार रंगांत रंगवता येतो. १९७६ मध्ये ते संगणकाच्या मदतीने सिद्ध झाले. माणसाला हाताने सगळी तपासता येत नाही अशी सिद्धता ही सिद्धता म्हणायची का? मानवी विज्ञानांसाठी २०१५ चा मानसशास्त्रातला प्रकल्प आहे: १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष आला. इतिहासासाठी १९८३ च्या बनावट हिटलर डायऱ्या. एका नामवंत इतिहासकाराने आधी त्या खऱ्या मानल्या. पुढे कागदाच्या तपासणीतून तो युद्धानंतरचा असल्याचे निघाले. इथे दोन ज्ञानक्षेत्रांच्या पद्धती एकाच वस्तूपाशी भेटतात, म्हणून हे उदाहरण खूप कामाचे आहे.

आता प्रदर्शन. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. ठरलेल्या ३५ प्रश्नांतून विद्यार्थ्याने एक निवडायचा, त्याचा एक शब्दही न बदलता, आणि तिन्ही वस्तू त्याच एका प्रश्नाला जोडायच्या. काम वैयक्तिक असते आणि वर्गातल्या दोघांना एकच वस्तू घेता येत नाही, म्हणून वस्तूंची नोंद ठेवणारा तक्ता पहिल्या दिवसापासून भिंतीवर असू द्या. वस्तू विशिष्ट हवी, तिला काळ आणि जागा हवी. इंटरनेटवरून उचललेले ‘एक नकाशा’ असे चित्र चालत नाही. वाचनालयात टांगलेला, ग्रीनलँड जवळपास आफ्रिकेएवढा दाखवणारा मर्केटरचा नकाशा मात्र चालतो, कारण प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी आहे आणि त्या भिंतीवर तो कोण, कशासाठी पाहतो हे सांगता येते. डिजिटल वस्तू चालते. स्वतः केलेली वस्तूही चालते, पण ती प्रदर्शनासाठी मुद्दाम केलेली नको. मेणबत्ती म्हणजे ज्ञान, अशी प्रतीके घेतली की टिप्पणी पोकळ होते, कारण त्या वस्तूच्या प्रत्यक्ष जगण्याबद्दल लिहायला काही उरत नाही. तिन्ही टिप्पण्या मिळून मर्यादा ९५० शब्दांची. साधारण ३०० प्रत्येकी धरा. वस्तू काय आणि कुठली, प्रश्नाशी तिचा संबंध कोणता, आणि ती नसती तर उत्तरातला कोणता मुद्दा गेला असता, एवढे प्रत्येकीत यावे. या शेवटच्या प्रश्नाला तिन्हींचे उत्तर एकच येत असेल तर दोन वस्तू बदला. मांडणी प्रेक्षकांना दाखवायची असते, पण गुण लेखी फाइलला मिळतात. सजावटीवर तास घालवू नका.

निबंधाची शीर्षके सहा असतात, त्या-त्या सत्रापुरतीच, आणि निबंध जमा करण्याच्या सहा महिने आधी जाहीर होतात. मर्यादा १६०० शब्द. पुढचे वाचले जात नाही. शीर्षकात दोन ज्ञानक्षेत्रे मागितली असतील तर तिसरे आणू नये. शब्दकोशातली व्याख्या देऊन सुरुवात करणे आणि ‘समजा एक शास्त्रज्ञ’ अशी काल्पनिक उदाहरणे देणे, हे दोन दोष पहिल्याच मसुद्यात पकडा. विद्यार्थ्याशी तीन नोंदलेल्या चर्चा व्हायच्या: शीर्षकाची निवड, आराखडा, मसुदा. तिन्हींच्या तारखा वर्षारंभीच ठरवा, कारण शेवटच्या आठवड्यात उरकलेल्या चर्चेचा लेखनावर काहीच परिणाम होत नाही. मसुद्यावर शेरे एकदाच, तेही समग्र; ओळीओळीत दुरुस्ती करायची नाही.

निबंध आणि प्रदर्शन दोन्ही १० पैकी तपासतात, पण निबंधाचा वाटा दोन तृतीयांश आहे. टीओकेत ई ही सर्वांत खालची श्रेणी आली तर डिप्लोमा मिळत नाही, हे पालकांना लेखी कळवा. गुण देताना मुद्द्यांची बेरीज नसते. एकूण ठशावरून पातळी ठरते. त्यामुळे दोन किंवा अधिक शिक्षक असतील तर सर्वांनी आधी प्रदर्शनाच्या त्याच चार-पाच फाइली स्वतंत्रपणे तपासाव्यात, फरक बोलून मिटवावेत आणि मगच उरलेल्या वाटून घ्याव्यात. या फाइलींचा नमुना बाहेरच्या फेरतपासणीला जातो आणि तिथे निघालेला फरक सगळ्या वर्गाच्या गुणांवर लागू होऊ शकतो.