फोर बाय फोर घेताना आधी डिकी मोजा
चौघांचं कुटुंब आणि तंबूत मुक्काम असा बेत असेल, तर फोर बाय फोरच्या, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना देणाऱ्या यंत्रणेच्या आधी डिकी बघा. मारुतीच्या जिम्नीला लो-रेंज गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा) आहे, २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची) आहे, खडकाळ चढावर ती सुरेख चालते. पण चौघे बसल्यावर मागे २०८ लिटरच जागा उरते. तंबू आणि स्लीपिंग बॅगांतच ती संपते. मग सामान टपावर चढतं, गुरुत्वमध्य वर सरकतो आणि आडव्या उतारावर गाडी कलंडायचा धोका वाढतो. टपावर हलकं, फुगीर सामानच ठेवा. पाण्याचे कॅन खाली, मागच्या सीटला टेकवून, पट्ट्याने घट्ट बांधा. २० लिटरचा एक कॅन म्हणजे २० किलो! शोरूमला तंबूची पिशवी घेऊनच जा आणि सगळ्या सीट उभ्या ठेवून ती मावते का पाहा.