फटाक्यांच्या आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी काय करायचं

इंदूरात दिवाळी म्हणजे फटाके आलेच, रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते तेव्हा डीजे, आणि भारत मॅच जिंकला की पुन्हा राजवाड्यावर जल्लोष. आमची चिंगी पहिला सुतळी बॉम्ब फुटला की कान मागे पाडून थेट देवघराच्या कोपऱ्यात, जीभ बाहेर, नुसती लटलट कापते, आवडीचा दहीभात पुढे ठेवला तरी तोंड लावत नाही.

तयारी महिनाभर आधीच सुरू करा. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावायचा, सोबत आवडीचा खाऊ द्यायचा, आणि रोज थोडा थोडाच वाढवायचा, घाबरला की लगेच कमी करायचा, घाई अजिबात नको. त्या दिवशी फिरवून अंधार पडायच्या आत आणा, पट्टा घट्ट धरा, गळ्यात फोन नंबर असलेला बिल्ला हवाच, कारण घाबरलेलं कुत्रं गेटवरूनही उडी मारतं. आतल्या खोलीत खिडक्या बंद, जाड पडदे, पंखा नि टीव्ही चालू, पलंगाखाली तुमची जुनी चादर. लपलं तर ओढून बाहेर काढू नका हो!

जवळ घेतलं की भीती वाढते म्हणतात, ते खोटं आहे, खुशाल घ्या. माणसांची झोपेची गोळी मात्र कधीच देऊ नका, फार त्रास होत असेल तर प्राण्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, ऐन लक्ष्मीपूजनाला कोणी भेटत नाही.