दुर्मीळ स्नोड्रॉपचा संग्रह आणि संकर

स्नोड्रॉप म्हणजे थंडीत फुलणारी, पांढऱ्या फुलांची छोटी कंदवर्गीय वनस्पती. तिच्या नामांकित वाणाचा प्रत्येक कंद हा कधीकाळी निवडलेल्या एकाच रोपाचा तुकडा असतो. ‘एस. आर्नॉट’ हा वाण आज असंख्य बागांत फुलत असला, तरी ती सगळी रोपे एकाच मूळ कंदापासून विभागणीने वाढत गेलेली आहेत, त्याच ‘एस. आर्नॉट’चे बी पेरले, तर उगवेल ते वेगळे रोप असेल आणि त्याला ते नाव लावता येणार नाही. म्हणून संग्रह आणि संकर ही दोन कामे पहिल्यापासून वेगळी ठेवावीत. संग्रहात आहे ते रोप तसेच्या तसे जपायचे असते, तर संकरात बियांतून नवे रोप घडवायचे असते. संग्रहाच्या वाफ्यात बी गळू दिले, की काही वर्षांत मूळ वाण कोणता आणि त्याची संतती कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. हे टाळण्यासाठी फूल सुकताच बोंड खुडून टाकण्याची सवय लावून घ्यावी.

कंद विकत घेण्याआधी प्रजाती ओळखता यायला हव्यात, आणि त्या फुलांपेक्षा पानांवरून अधिक खात्रीने ओळखता येतात. कोंब जमिनीबाहेर येत असताना बुडाशी वाकून पाहावे. गॅलॅन्थस हे स्नोड्रॉपचे शास्त्रीय नाव, त्यातल्या गॅलॅन्थस निव्हॅलिस या प्रजातीची दोन्ही पाने तळहात जोडल्यासारखी एकमेकांना सपाट चिकटलेली असतात. प्लिकॅटसच्या पानांच्या कडा मागे दुमडलेल्या दिसतात. एल्वेसी आणि वोरोनोवी यांचे एक पान दुसऱ्याला बाहेरून गुंडाळून असते. या शेवटच्या दोघांत एल्वेसीचे पान रुंद व राखाडी झाक असलेले, तर वोरोनोवीचे चकचकीत हिरवे असते. संकरित रोपांत या खुणा मिसळतात. त्यामुळे विक्रेत्याने सांगितलेल्या वंशावळीची पडताळणी करायलाही हेच निरीक्षण उपयोगी पडते. ग्रीसमधील रेजिने-ओल्गे ही प्रजाती शरद ऋतूत फुलते, तर काही वाण वसंताच्या तोंडावर फुलतात. नीट निवड केली तर संग्रह जवळजवळ सहा महिने फुलता राहतो.

सुरुवात ‘मॅग्नेट’, ‘ॲटकिन्सी’ आणि ‘एस. आर्नॉट’ यांसारख्या दणकट जुन्या वाणांनी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बातम्यांत झळकतात त्या किमती वेगळ्याच असतात. इंटरनेटवरील लिलावात ‘एलिझाबेथ हॅरिसन’चा एक कंद 2012 मध्ये 725 पौंडांना, ‘गोल्डन फ्लीस’चा 2015 मध्ये 1,390 पौंडांना आणि ‘गोल्डन टिअर्स’चा 2022 मध्ये 1,850 पौंडांना गेला. ही किंमत सौंदर्याइतकीच टंचाईचीही असते. कंद वाढले की ती उतरते, आणि ज्याला थांबता येते त्याला तोच वाण पुढे बराच स्वस्त मिळतो. खरेदी शक्यतो फूल समोर असताना करावी, म्हणजे पाटीवरचे नाव आणि कुंडीतले रोप यांचा मेळ जागेवरच घालता येतो.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. संपूर्ण गॅलॅन्थस प्रजातिसमूह साइट्स या संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने देशाच्या सीमेपलीकडे कंद नेताना किंवा मागवताना परवाना लागतो. ब्रिटनमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानटी वाढलेले कोणतेही रोप उपटणे 1981 च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने निषिद्ध आहे. जुन्या चर्चच्या आवारात एखादे वेगळे फूल दिसले, तरी आधी छायाचित्र घ्यावे आणि मग परवानगी मागावी.

लागवडीसाठी पानगळ होणाऱ्या झाडांखालची, निचरा होणारी पण उन्हाळ्यात अगदी कोरडीठाक न पडणारी जागा उत्तम. मातीत कुजलेला पालापाचोळा आणि जाडी वाळू मिसळावी. दुर्मीळ वाण पाणवनस्पतींसाठी मिळतात तशा जाळीदार टोपल्यांत लावून त्या टोपल्या जमिनीत पुराव्यात. मुळांना बाहेरची ओल मिळत राहते, पण शेजारचे कंद एकमेकांत मिसळत नाहीत आणि हवे तेव्हा टोपली अख्खी उचलता येते. पाट्या पक्षी उपटतात, त्यांवरची शाईही उडते. म्हणून वाफ्याचा नकाशा वेगळ्या वहीत ठेवावा आणि प्रत्येक नोंदीत कंद कोठून व केव्हा आला हेही लिहावे. वाण शक्य तितक्या लवकर दोन वेगळ्या ठिकाणी लावावा.

नवा कंद निदान एक हंगाम इतरांपासून दूर ठेवणे मी अनिवार्य मानतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेप्टन मॅलेटच्या जेम्स ॲलन यांनी स्नोड्रॉपचे कित्येक संकर घडवले, ‘मॅग्नेट’ही त्यांचाच, परंतु त्यांचा बराचसा संग्रह करड्या बुरशीने आणि नार्सिसस माशीने संपवला. ही करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, कोंबांवर राखाडी लव आणते. स्टॅगोनोस्पोरा बुरशीने पानांच्या टोकांवर तांबूस चट्टे पडतात आणि पाने अकाली करपतात. माशीची अळी कंद आतून पोखरते, तो दाबून पाहिला की मऊ लागतो. लागण झालेले रोप वाचवत बसण्यापेक्षा मातीसकट काढून नष्ट करावे. गच्च झालेल्या जुड्यांत रोग लवकर पसरतो, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी फुले ओसरल्यावर त्या सोडवून पुन्हा लावाव्यात.

नैसर्गिक विभागणीने एखादा वाण फार सावकाश वाढतो. तेथे जोडखवल्यांची पद्धत, म्हणजे कंदाच्या थरांच्या (खवल्यांच्या) जोड्या सुट्या करून त्यांपासून नवे कंद मिळवणे, कामी येते. मात्र जवळ एकच कंद असेल, तर त्याला सुरी लावू नये. पाने पिवळी पडून कंद सुप्तावस्थेत गेला, म्हणजे साधारण जून-जुलैत, निरोगी कंद निवडून त्याची तपकिरी साल काढावी, मुळे छाटावीत आणि टोक उडवावे. तळाची चकती मात्र शाबूत ठेवावी, कारण नवे कंद तिच्याच आधाराने येतात. कंदातील अल्कलॉइडमुळे त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून हातमोजे घालावेत. पाते दर कंदागणिक स्पिरिटने पुसून घ्यावे. कंद चकती वर करून धरावा आणि उभे चिरत अर्धे, पाव, मग आठ भाग करावेत. प्रत्येक फाकेतील दोन-दोन खवले सुरीच्या टोकाने असे सुटे करावेत, की प्रत्येक जोडीला चकतीचा छोटासा तुकडा चिकटलेला राहील. चकतीविना निघालेली जोडी फुकट जाते. हे तुकडे बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून निथळून घ्यावेत आणि मुठीत दाबले तरी पाणी सुटणार नाही इतपतच ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणाऱ्या हलक्या खनिज कणांत) मिसळून, थोडी हवा ठेवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावेत. पिशवी अंधारात, सुमारे 20 अंश सेल्सिअस तापमानात साधारण 12 आठवडे ठेवावी. मधूनमधून ती उघडून सडलेले तुकडे काढून टाकावेत. शेवटी दोन खवल्यांच्या बेचक्यात तांदळाएवढे पांढरे कंद दिसू लागतात. ते खवल्यांसकट कुंडीत लावावेत. त्यांना फुलायला साधारण तीन वर्षे लागतात.

संकराला हात घालताना उद्दिष्ट आधी ठरवावे. नुसत्या दोन आवडत्या फुलांचा मेळ घातल्याने बहुधा सामान्य रोपांची गर्दी वाढते. इंग्रज पैदासकार ग्रेटोरेक्स यांनी प्लिकॅटस आणि निव्हॅलिसचा दुहेरी, म्हणजे जादा पाकळ्यांच्या, फुलांचा प्रकार ‘फ्लोर प्लेनो’ यांच्या संकरातून ‘हिप्पोलिटा’, ‘ओफेलिया’ यांसारखे दुहेरी वाण मिळवले. ‘फ्लोर प्लेनो’ला सहसा बी धरत नाही, पण त्याचे पराग उपयोगी पडतात, दुहेरी फूल हवे असेल तर त्याला पिता म्हणून वापरावे. ‘ट्रिम’ या वाणाच्या बाहेरच्या पाकळ्यांनी आतल्यांचा आकार आणि हिरवी खूण घेतली आहे, आणि हा गुण संततीत उतरत असल्याने पैदासकार तो आवडीने वापरतात. काही वाणांत हिरव्याऐवजी पिवळी खूण असते, त्या पिवळेपणाचे तसे नाही. तो अनेकदा पहिल्या पिढीत दडून राहतो, म्हणून पहिल्या पिढीतली हिरव्या खुणेची रोपे फेकून न देता त्यांचाच आपसात संकर करून पुढची पिढी पाहावी लागते.

प्रत्यक्ष कृती नाजूक असली, तरी अवघड नाही. मातृवाणाची कळी उमलण्याच्या बेतात असताना पाकळ्या हळूच बाजूला करून सहाही पुंकेसर चिमट्याने काढावेत. स्नोड्रॉपचे परागकोश टोकाला छिद्राने उघडतात, त्यामुळे उबदार दुपारी पितृफुलावर टिचकी मारली की पराग नखावर किंवा काचेवर पडतात. ते मधल्या कुक्षीच्या टोकाला लावावेत आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा लावावेत. देठाला दोरा बांधून त्यावर आई आणि बाप या क्रमाने नोंद करावी. दोन्ही वाणांच्या फुलण्याच्या काळात अंतर असेल, तर कोरडे पराग सिलिका जेलसह छोट्या डबीत भरून शीतकपाटात ठेवता येतात.

बोंड फुगून देठ जमिनीकडे झुकतो. बियांना मुंग्यांना आवडणारा स्निग्ध अवयव असतो, म्हणून बोंड फुटण्याआधी त्यावर पातळ कापडाची पुरचुंडी बांधावी, नाहीतर मुंग्या बी पळवतात. बी साठवून वाळवू नये. ताजे असतानाच पेरावे आणि कुंडी बाहेर थंडीत राहू द्यावी. हिवाळ्याअखेर प्रत्येक बीचे एक बारीक पान वर येते, आणि पहिले फूल यायला तीन-चार वर्षे, कधी त्याहूनही जास्त लागतात.

पहिल्या फुलावरून निवड करू नये, कारण कोवळ्या कंदावरच्या खुणा पुढच्या वर्षी बदलू शकतात. निदान तीन हंगाम पाहावे: खूण स्थिर आहे का, देठ पावसात उभा राहतो का, कंद वाढतो का. नामांकित वाण आधीच हजारांच्या घरात आहेत आणि त्यांतले कित्येक चार पावलांवरून एकसारखे दिसतात. त्यामुळे जे रोप पाटी न वाचता ओळखता येत नाही, त्याला नाव देऊ नये. जे या कसोटीला उतरते, त्याचे नाव नेदरलँड्समधील केएव्हीबी या कंदवर्गीय वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नोंदणी संस्थेकडे वर्णन व छायाचित्रासह नोंदवावे. नाव जाहीर करण्यापूर्वी दोन-तीन कंद विश्वासू संग्राहकांच्या बागांत पोहोचलेले असावेत, म्हणजे आपला वाफा बुरशीने गेला तरी तो वाण परत मागून आणता येईल.